लाल बादली आणि पिवळी पिशवी

बेंगळुरूच्या जयनगरमधल्या एखाद्या नर्सिंग होममध्ये ऑपरेशनच्या जखमेचं ड्रेसिंग बदलताना रक्ताने भिजलेला गॉझ निघतो. सिस्टर तो पिवळ्या पिशवीत टाकतात. पिशवीवर बारकोड असतो, तिचं वजन करून नोंद होते आणि ४८ तासांपेक्षा जास्त वेळ ती तिथे ठेवायला परवानगी नसते. चार दिवसांनी तोच रुग्ण घरी येतो. ड्रेसिंग आता बायको बदलते. जखम तीच, रक्त तेच, गॉझही त्याच पाकिटातला. पण आता तो जातो बाल्कनीतल्या बादलीत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याच्या टिप्परमागे चालणाऱ्या अक्काच्या हातात.

धोका वस्तूत आहे. व्यवस्था मात्र पत्ता बघून ठरते. बेंगळुरूत या दोन्ही वाटा बऱ्यापैकी आखलेल्या आहेत, म्हणून त्या शेवटपर्यंत चालून बघता येतात. आधी हॉस्पिटलची वाट, कारण घरी काय करायचं याची कारणं तिथेच सापडतात.

देशात जैववैद्यकीय कचऱ्याचे पहिले नियम १९९८ साली आले. त्यात कचऱ्याचे दहा प्रकार होते, आणि रात्रपाळीच्या वॉर्डबॉयने ते लक्षात ठेवावेत अशी अपेक्षा होती. २८ मार्च २०१६ च्या नव्या नियमांनी दहाचे चार रंग केले: पिवळा, लाल, पांढरा, निळा. भिंतीवर तक्ते लावले जातात, प्रशिक्षणं होतात, तरी चुका होतात, कारण रंग पाठ करून घेतले जातात पण त्यामागचा प्रश्न सांगितला जात नाही. प्रश्न साधा आहे: या वस्तूचं पुढे काय करायचं आहे? जे जाळायचं ते पिवळ्यात. जे वाफवून, चिरडून पुन्हा वापरात आणायचं ते प्लास्टिक लालमध्ये. जे टोचतं किंवा कापतं ते पांढऱ्या, टोकाने भोक न पडणाऱ्या डब्यात. काच आणि शरीरातून काढलेल्या धातूच्या पट्ट्या, स्क्रू निळ्यात.

आता खाटेशेजारी उभं राहून बघू. सलाईन संपली. बाटली आणि नळी लालमध्ये. नळीत रक्त दिसतं म्हणून ती पिवळ्यात टाकावीशी वाटते, पण अशा नळ्या आणि लघवीच्या पिशव्या पुष्कळदा पीव्हीसीच्या असतात आणि पीव्हीसीत क्लोरीन असतो. क्लोरीन भट्टीत गेला की धुरात डायॉक्सिन आणि फ्युरान ही अतिविषारी संयुगं तयार होऊ शकतात. म्हणून पिवळ्या पिशव्यासुद्धा क्लोरीन नसलेल्या प्लास्टिकच्याच असाव्या लागतात. शेजारच्या टेबलावर इंजेक्शन दिलं गेलं. सुई कटरने तुटून पांढऱ्या डब्यात, सिरिंजचं प्लास्टिक लालमध्ये. सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही, हा नियम सगळे सांगतात आणि घाईत बरेचजण मोडतात. एका हातात सुई, दुसऱ्या हाताच्या चिमटीत टोपण. निशाणा जरा चुकला की बोटात.

त्या टोचण्याची किंमत वैद्यकाच्या पुस्तकांत तिनाच्या पाढ्याने सांगतात. टोचलेल्या सुईवर हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाचं रक्त असेल आणि टोचून घेणाऱ्याने लस घेतलेली नसेल, तर संसर्गाची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत. हिपॅटायटिस सी असेल तर साधारण ३ टक्के. एचआयव्ही असेल तर ०.३ टक्का. आपण घाबरतो शेवटच्याला. खरा घात करतो तो पहिला, आणि त्यावरच स्वस्त लस उपलब्ध आहे. २०१६ च्या नियमांनुसार हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं बंधनकारक आहे. टिप्परमागे चालणारी अक्का या नियमाच्या भाषेत ‘हाताळणारी’ आहे का, यावर मात्र कोणी फारसं बोलत नाही. वापरलेल्या सिरिंज कचऱ्यातून परत बाजारात आल्या तर काय होतं, हे गुजरातमधल्या मोडासाने २००९ साली पाहिलं. तिथली हिपॅटायटिस बीची साथ वापरलेल्या सिरिंज पुन्हा टोचल्यामुळे पसरली होती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने दवाखान्यातल्या एकूण कचऱ्यापैकी सुमारे ८५ टक्के कचरा साधाच असतो: खोकी, जेवणाचे डबे, फळांच्या साली. धोक्याचा भाग उरलेला १५ टक्के. पण रक्ताचा एक गॉझ खोक्यांच्या ढिगात पडला की तो अख्खा ढीग धोक्याचा मानावा लागतो. वेगळं करण्याचं काम म्हणूनच खाटेपाशी, वस्तू हातातून सुटतानाच व्हायला हवं. नंतर कोणी निवडायला बसलं, तर तो माणूस आपण धोक्यात घातला.

७५ किलोमीटरच्या आत सामाईक प्रक्रिया केंद्र असेल तर हॉस्पिटलला स्वतःची भट्टी उभारता येत नाही. बेंगळुरूसाठी असं एक केंद्र शहराच्या दक्षिणेला, कनकपुरा रस्त्यावर हारोहळ्ळीच्या बाजूला आहे. नियमाप्रमाणे गाडीवर जैविक धोक्याचं चिन्ह लागतं, पिशव्या रंगानुसार वेगळ्या ठेवाव्या लागतात आणि गाडी कुठे आहे ते जीपीएसवर दिसावं लागतं.

केंद्रावर लाल पिशव्या ऑटोक्लेव्हमध्ये जातात. स्वयंपाकघरातल्या प्रेशर कुकरचंच हे तत्त्व, फक्त काटेकोर: १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब, साध्या प्रकारच्या यंत्रात पूर्ण ६० मिनिटं. आतलं सगळं खरंच मेलं का, हे डोळ्यांनी कळत नाही. म्हणून मुद्दाम एक चिवट जिवाणू, जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस, त्याचे बीजाणू कुपीत घालून कचऱ्याबरोबर आत ठेवतात. तेही मेले तर यंत्र पास. मग प्लास्टिक चिरडून त्याचे तुकडे करतात. हे चिरडणं जंतूंसाठी नसतं. तीच सिरिंज कोणी धुऊन, पाकिटात घालून विकू नये, म्हणून ते करायचं. त्यानंतर हे तुकडे नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे जातात.

पिवळी पिशवी भट्टीत जाते आणि भट्टीला दोन कक्ष असतात. पहिल्यात सुमारे ८०० अंशांवर कचरा जळतो. पण खरी गंमत दुसऱ्या कक्षात आहे. पहिल्यातून निघालेला धूर तिथे सुमारे १०५० अंशांवर निदान दोन सेकंद थांबवून पुन्हा जाळतात, कारण अर्धवट जळलेला वायूच सर्वांत घातक. चिमणीतून बाहेर पडणाऱ्या डायॉक्सिन-फ्युरानची मर्यादा आहे एका घनमीटर वायूत ०.१ नॅनोग्रॅम, नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. चिमणी किमान ३० मीटर उंच. राख साध्या कचराभरावात टाकता येत नाही. तिला धोकादायक कचऱ्यासाठी अस्तर घालून बांधलेला भराव लागतो, आणि कर्नाटकातला तसा भराव तुमकूर रस्त्यावरच्या दाबसपेटला आहे.

हे आकडे एवढे तपशीलवार दिले, कारण पुढे वसतिगृहातल्या पॅड जाळायच्या छोट्या यंत्राबद्दल बोलायचं आहे.

घराच्या वाटेचा इतिहास भांडणातून सुरू होतो. बेंगळुरूच्या उत्तरेला मावळ्ळीपुरा गावात शहराचा कचरा वर्षानुवर्षं ओतला जात होता. २०१२ मध्ये गावकऱ्यांच्या विरोधाने तो भराव बंद पडला आणि उद्यानांच्या या शहरात रस्तोरस्ती ढीग साचले. मंडूर या भरावाच्या दुसऱ्या गावातल्या लोकांनीही २०१४ अखेर कचरा घेणं थांबवायला लावलं. प्रकरण उच्च न्यायालयात होतंच. डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने शहरभर एकच पद्धत सक्तीची केली: दोन बादल्या, एक पिशवी. हिरव्या बादलीत ओला, पिशवीत सुका, लाल बादलीत उरलेला, म्हणजे ज्याचं खतही होत नाही आणि जो भंगारातही जात नाही. पॅड, डायपर, बँडेज, केस, झाडलोटीची धूळ, सगळं या लाल बादलीत.

इथे हॉस्पिटलशी नेमकी उलटी गाठ पडते. सिस्टर दिवसभर वॉर्डात लाल म्हणजे ‘पुन्हा वापरात येणारं’ असं शिकतात, आणि घरी आल्या की लाल म्हणजे ‘कशालाच न येणारं’. दोन ठिकाणी एकमेकांना न विचारता रंग वाटले गेले की असं होतं.

तरीही न्यायालयाच्या त्या तिसऱ्या भांड्यामागे मोठं शहाणपण होतं. एप्रिल २०१६ मध्ये केंद्राचे घनकचऱ्याचे नियम आले. त्यांत म्हटलं होतं की वापरलेलं पॅड किंवा डायपर नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाका. कागदावर हे सोपं दिसतं. पण सुका कचरा पुढे जातो पालिकेच्या वॉर्डातल्या सुक्या कचऱ्याच्या केंद्रात, आणि तिथे तो टेबलावर पसरून हातांनी निवडला जातो: दुधाच्या पिशव्या इकडे, पुठ्ठा तिकडे, बाटल्या आणखी कुठे. त्यात गुंडाळलेलं पॅड आलं की ते कोणीतरी उघडणारच. बेंगळुरूची पद्धत हे टाळते.

ही केंद्रं चालवण्यात ‘हसिरु दळ’ या कचरावेचकांच्या संघटनेचा मोठा वाटा आहे, आणि तिच्या सहसंस्थापक नलिनी शेखर यांचा पाया पुण्यातला. १९९३ साली उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या बांधणीत त्या होत्या. त्याच पंचायतीतून पुढे पुण्यात ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली. वापरलेली पॅड उघडी हातात येतात म्हणून तिथल्या कचरावेचक बायकांनी जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या करून विकायला काढल्या, त्या ‘एसटी डिस्पो’. एवढंच करून त्या थांबल्या नाहीत. वापरलेली पॅड गोळा करून त्यांनी ती बनवणाऱ्या कंपन्यांनाच परत पाठवली. उत्पादकांनी प्रत्येक पाकिटाबरोबर गुंडाळायला पाऊच द्यावा, हे कलम २०१६ च्या घनकचरा नियमांत आलं. अशा उठाठेवींशिवाय ते आलं असतं असं मला वाटत नाही.

आता वस्तूकडे. एक कोरं पॅड घ्या आणि कात्रीने मधून कापा. वरचा पातळ, मऊ थर प्लास्टिकच्या तंतूंचा. त्याखाली लाकडाच्या लगद्याचा कापसासारखा थर; तो चुरगाळला की बोटांना साखरेसारखे बारीक कण लागतात. हे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट. त्यावर चमचाभर पाणी ओता: कण फुगून पारदर्शक जेली होते आणि पाणी पिळूनही निघत नाही. तळाचा थर पुन्हा प्लास्टिकचा, त्याला डिंक आणि गुळगुळीत कागदाची पट्टी. हे सगळे थर एकमेकांना चिकटवलेले. यातला लगदा कुजेल, पण प्लास्टिकच्या दोन थरांत बंद असल्यामुळे सहजी कुजणार नाही. ती जेली पॅड कमोडमध्ये टाकल्यावर काय करते, ते पाइपमधून बादलीभर ओला गोळा बाहेर काढणारा प्लंबर सांगेल.

आणि हीच जेली जाळण्याच्या मुळावर येते. वापरलेलं पॅड म्हणजे मुख्यतः धरून ठेवलेलं पाणी. ते आधी उकळून उडावं लागतं, मग तापमान चढतं. वसतिगृहं, शाळा, कार्यालयं यांच्या स्वच्छतागृहांत भिंतीवर बसवलेली छोटी विजेची यंत्रं असतात. बटण दाबलं की पॅड ‘नाहीसं’ होतं, म्हणून ती लोकप्रिय. वरच्या भट्टीशी त्यांची तुलना करा. दुसरा कक्ष बहुतेकांना नसतो. चिमणी म्हणजे खिडकीतून बाहेर काढलेला पाइप. आत ८०० अंश खरंच गाठले का, हे बघायला कोणी नाही. प्लास्टिक अर्धवट जळतं आणि धूर शेजारच्या खोलीत जातो. मला विचाराल तर असं यंत्र घेण्याऐवजी झाकणाचा डबा आणि दररोज तो नेणारा माणूस, एवढं पुरे. दुसरीकडे पुण्याच्या पॅडकेअर लॅब्जने पॅड निर्जंतुक करून त्यातला लगदा आणि प्लास्टिक वेगळं करणारी यंत्रणा उभी केली आहे. हा रस्ता मला जास्त पटतो, फक्त त्यासाठी पॅड इतर कचऱ्यात न मिसळता यायला हवं.

बेंगळुरूतल्या लाल बादलीचा शेवट अजून मुख्यतः भरावातच होतो. मिट्टगानहळ्ळीच्या जुन्या दगडखाणी त्यासाठी वापरल्या गेल्या. २०२५ च्या सप्टेंबरात महापालिकेची पाच महानगरपालिकांत विभागणी झाली, कचऱ्याचं काम बेंगळुरू घनकचरा व्यवस्थापन कंपनीकडे आहे. पाट्या बदलल्या, खाणी त्याच आहेत.

म्हणून घरी जे करता येतं ते नीट करू. पॅड बाहेरून आत गुंडाळा, चिकट बाजू स्वतःवरच बसेल अशी. नव्या पॅडचा वेष्टनाचा कागद फेकू नका, त्यातच जुनं बांधा. मग वर्तमानपत्राचं अर्धं पान, दोन्ही कडा आत घालून पुडी. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून टाकू नका. पुडीवर लाल स्केचपेनने ठळक ठिपका किंवा फुली. ही खूण उगाच नाही: कागदाची पुडी दिसली की वेचणारा हात ती उघडून बघतो, खूण असली की बघत नाही. वास येतो म्हणून वर ब्लीचिंग पावडर शिंपडण्याची सवय कित्येक घरांत आहे. ती सोडा. हा कचरा पुढे कुठल्याही भट्टीत गेला तर आपणच त्यात क्लोरीन घातलेला असतो.

डायपरला एक पायरी जास्त. आतली शी आधी कमोडमध्ये पाडा, मग पुढून मागे गुंडाळून त्याच्याच चिकटपट्ट्यांनी बंद करा. बाळाची शी निरुपद्रवी असते, हा आपला लाडका गैरसमज आहे. जंतू आणि विषाणू तिच्यातही असतात. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांचे डायपर तर वजनाने कितीतरी जड. अशा घराने लाल बादलीत सगळं कोंबण्यापेक्षा डायपरची वेगळी पिशवीच द्यावी.

सुया कशाही गुंडाळल्या तरी लाल बादलीत टाकायच्या नाहीत. मधुमेह आता घरोघरी आहे. इन्सुलिन पेनची सुई ४ मिलिमीटरची, दिसत नाही इतकी बारीक, आणि साखर तपासायची लॅन्सेटही तशीच. टॉयलेट क्लीनर किंवा कपड्यांच्या लिक्विडची जाड प्लास्टिकची, फिरकीच्या बुचाची रिकामी बाटली घ्या. पाण्याची पारदर्शक बाटली नको: ती पातळ असते, आणि भंगारात तिला भाव मिळतो म्हणून ती हमखास उघडली जाते. पेनची सुई काढताना तिचं मोठं बाहेरचं टोपण टेबलावर ठेवा, पेन एका हाताने त्यात खुपसा, फिरवून काढा आणि टोपणासकट बाटलीत सोडा. बाटली पाऊण भरली की बुच घट्ट, वर चिकटपट्टी. ‘सुया आहेत, उघडू नका’ असं कन्नडमध्ये लिहा आणि शेजारी सुईचं चित्र काढा; बाटली हाती येणाऱ्या प्रत्येकाला वाचता येईलच असं नाही.

ती बाटली द्यायची कुणाला? कायद्यात उत्तर दोनदा आलं आहे. जैववैद्यकीय नियमांच्या परिशिष्टात म्हटलं आहे की घरी उपचार करताना निर्माण होणारा असा कचरा वेगळ्या पिशवीत किंवा डब्यात पालिकेच्या माणसाकडे द्यावा, आणि पालिकेने सामाईक केंद्राशी करार करून तो त्यांना उचलायला लावावा. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत दर २० चौरस किलोमीटरला घरगुती धोकादायक कचऱ्याचं एक जमा केंद्र सांगितलं होतं. तुमच्या घराजवळचं केंद्र सापडलं तर उत्तम. नाहीतर ज्या लॅबमध्ये रक्त तपासता किंवा ज्या डॉक्टरांकडे इन्सुलिन सुरू झालं, त्यांना विचारा. त्यांचा पांढरा डबा सामाईक केंद्राकडे जातोच. काहीजण तुमची बाटली घेतात, काहीजण नाही म्हणतात. मुंबई महापालिकेने २०२५ मध्ये घरगुती सॅनिटरी आणि विशेष काळजीचा कचरा नोंदणी करून वेगळा उचलण्याची सेवा सुरू केली. केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२४ च्या मसुद्यात ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार वेगळे भाग मांडले.

घर किती हॉस्पिटल झालं आहे, ते पोटातल्या डायलिसिसवर असलेल्या रुग्णाच्या खोलीत कळतं. दिवसात चार वेळा दोन-दोन लिटर द्रव आत सोडायचा आणि बाहेर काढायचा. रोज निघतात रिकाम्या पिशव्या, नळ्या आणि टोपणांचा ढीग. बाहेर आलेला द्रव कमोडमध्ये ओतायचा. रिकामी पिशवी हॉस्पिटलात असती तर वाफवून, चिरडून वापरात आली असती. बाल्कनीत ती साध्या प्लास्टिकसारखी दिसते आणि सुक्या पिशवीत जाते. ती तिथे टाकू नका. वेगळी पिशवी, त्यावर ‘वैद्यकीय’ असं लेबल, आणि द्रव पुरवणाऱ्या कंपनीला परत नेण्याबद्दल विचारणा.

जुन्या औषधांचं थोडक्यात. मुदत संपलेल्या गोळ्या बेसिनमध्ये ओतू नका. अँटिबायोटिक सांडपाण्यात मिसळली की जंतूंना ती पचवायची सवय लागते. २०२५ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी फक्त १७ औषधं फ्लश करायला सांगितली, त्यांत फेंटानिल, ट्रॅमाडॉल यांसारखी, चुकून कोणी घेतली तर जीव जाईल अशी तीव्र वेदनाशामकं आहेत. बाकीची पट्टीसकट वेगळ्या पाकिटात. पट्टी मधून कापा, म्हणजे ती परत कुणी विकणार नाही.

मोठ्या सोसायट्यांचं गणित वेगळं आहे. दिवसाला १०० किलोहून जास्त कचरा निघत असेल तर कायद्याने तुम्ही मोठे उत्पादक ठरता, आणि बेंगळुरूत अशा सोसायट्या स्वतःचा ठेकेदार नेमतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडण होतं ते ठेकेदाराच्या दरावरून. त्याला विचारण्यासारखं वेगळंच आहे. लाल बादलीतला माल तो नेमका कुठे रिकामा करतो, तिथली वजनाची पावती दर महिन्याला देतो का, त्याच्या माणसांना हातमोजे आणि हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस मिळालेत का, आणि सुयांची बाटली तो हारोहळ्ळीच्या गाडीत देतो की इतर कचऱ्याबरोबर खाणीत. करार करायच्या आधी ही उत्तरं लेखी मागा.